कम्युनिटी कॉलेज : उघडें दार व त्यापुढील वाट

अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत जोलिएट नांवाचें एक शहर आहे. शिकागोच्या नैर्ऋत्येस वसलेलें हें गांव एके काळीं दगडाच्या खाणी, कालवा व पोलादाचे कारखाने ह्यांविषयीं प्रसिद्ध होतें. विद्येचें माहेरघर अशी त्याची ख्याति कधींच नव्हती. परंतु आज जगांत जीं 'कम्युनिटी कॉलेजें' म्हणून ओळखलीं जातात, त्यांचा वंशवृक्ष शोधूं लागलें म्हणजे आपणांस ह्याच गांवीं जावें लागतें. इ. स. १९०१ सालीं तेथील हायस्कूलचे सुपरिंटेंडेंट जे. स्टॅन्ली ब्राउन व शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर ह्या दोघां गृहस्थांनीं असा बेत केला कीं, हायस्कूल संपल्यावर कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास मुलांस आपल्या गांवीं राहूनच करतां यावा. पहिल्या तुकडींत विद्यार्थी होते अवघे सहा.

दोघांचे हेतु मात्र अगदीं एकरूप नव्हते. विद्यापीठ म्हणजे वरच्या दर्जाच्या अभ्यासाचें व संशोधनाचें स्थान असावें असें हार्परसाहेबांस वाटे. म्हणून शिकागो येथें त्यांनीं कॉलेजच्या चार वर्षांचे दोन भाग पाडले होते. पहिल्या भागास 'ज्युनियर कॉलेज' असें नांव मिळालें होतें, आणि तो भाग विद्यापीठाबाहेर गेला तरी त्यांस चालणार होतें. ब्राउनसाहेबांपुढें प्रश्न होता तो आपल्या गांवच्या मुलांचा, ज्यांस शिकावयाचें होतें पण गांव सोडावयाचें नव्हतें त्यांचा. एकास खालचें ओझें उतरवावयाचें होतें, दुसऱ्यास तेंच उचलावयाचें होतें. कम्युनिटी कॉलेजच्या पुढील साऱ्या इतिहासांत ह्या दोन हेतूंची ओढाताण दिसते, व आमच्या मतें ती अद्यापि संपलेली नाहीं.

वाढ झपाट्यानें झाली. इ. स. १९०७ त कॅलिफोर्निया संस्थानानें हायस्कुलांस पुढील वर्ग चालविण्याची कायद्यानें मुभा दिली, व १९१० त फ्रेस्नो येथें असे वर्ग सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धांतून परत येणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा भार सरकारनें उचलावा असा कायदा १९४४ त झाला. त्याबरोबर लग्न झालेले, पोरेंबाळें असलेले, जगाचा टक्काटोणपा खाल्लेले विद्यार्थी वर्गांत येऊन बसले. प्रेसिडेंट ट्रूमन ह्यांनीं १९४६ त जॉर्ज झूक ह्यांच्या अध्यक्षतेखालीं एक मंडळ नेमिलें. त्याचा सहा भागांचा अहवाल १९४७ च्या अखेरीपासून प्रसिद्ध होऊं लागला. कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांचें सरकारी शिक्षण विनामूल्य असावें, वर्ण, धर्म किंवा गरिबी कोणाच्या आड येऊं नये, अशी त्याची शिफारस होती. 'कम्युनिटी कॉलेज' हें नांव सर्वतोमुखीं झालें तेंही ह्या अहवालामुळेंच.

दार उघडलें, पण दारांतून आंत आलेल्यांचें पुढें काय झालें? हा प्रश्न बराच काळ कोणी उघडपणें विचारला नाहीं. इ. स. १९६० त समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क ह्यांनीं तो विचारला. कॅलिफोर्नियांतील सॅन होझे येथील ज्युनियर कॉलेजाचा त्यांनीं बारकाईनें अभ्यास केला होता. त्यांस काय आढळलें? विद्यार्थी येतो तो चार वर्षांच्या पदवीची आकांक्षा धरून. कॉलेज त्यास 'नाहीं' असें कधींच म्हणत नाहीं. प्रथम परीक्षा होते, मग सल्लागाराशीं भेट, मग कच्च्या विषयांचा वर्ग, मग पुन्हा भेट. आणि अशा गोड गोड पावलांनीं त्यास एखाद्या लहानशा धंदेशिक्षणाकडे वळविलें जातें. शेवटीं आपली आकांक्षा आपणच सोडली असें त्यास वाटूं लागतें. ह्या रीतीस क्लार्क ह्यांनीं 'थंड करणें' अशा अर्थाचें नांव दिलें. वाचकांनीं लक्षांत घ्यावें कीं, येथें दोष वाईट माणसांचा नव्हता. विद्यार्थ्यास साहाय्य करण्यासाठीं नेमलेला सल्लागारच नकळत त्याची उमेद विझविणारा झाला होता, व त्याच्या हातीं दुसरें साधनही दिलेलें नव्हतें. एका माणसानें शेंकडों विद्यार्थ्यांचे कागद पाहावयाचे, तर तो दुसरें काय करणार?

ह्यापुढील दशकांत उपायांस आरंभ झाला. संयुक्त संस्थानांच्या मध्यवर्ती सरकारनें १९६४, १९६५ व १९६८ ह्या वर्षीं गरीब घरांतील विद्यार्थ्यांसाठीं तीन योजना काढिल्या, व त्या तिघींस मिळून 'ट्रायो' असें नांव पडलें. तिसरी योजना कॉलेजांत दाखल झालेल्यांस शिकवणी व सल्ला देण्यासाठीं होती. कॅलिफोर्नियानें १९६९ त कम्युनिटी कॉलेजांपुरती अशीच निराळी व्यवस्था कायद्यानें केली. नवनवे प्रयोग करूं पाहणाऱ्या कॉलेजांचा एक संघही १९६८ त स्थापन झाला. १९७१ त न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत ला ग्वार्डिया कम्युनिटी कॉलेज एका जुन्या कारखान्याच्या इमारतींत सुरू झालें. प्रत्येक पूर्णवेळ विद्यार्थ्यानें अभ्यासाबरोबर प्रत्यक्ष नोकरीच्या जागीं अनुभव घ्यावा असा त्याचा नियम होता.

ह्या न्यूयॉर्क शहराकडे अंमळ अधिक लक्ष देणें अवश्य आहे. तेथील नगर-विद्यापीठानें १९७० त हायस्कूल उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकास प्रवेश खुला केला. परंतु शहराची तिजोरी रिकामी झाल्यामुळें, १८४७ पासून चालत आलेली विनामूल्य शिक्षणाची परंपरा १९७६ त तुटली व फी बसली. पुढें तीस वर्षें दार उघडें राहिलें, तरी दोन वर्षांची पदवी तीन वर्षांतही पदरांत पडणारे विद्यार्थी थोडेच असत. बाकीचे कोठें जात? कोणाची आई आजारी पडे, कोणास दुकानांत जादा पाळी घ्यावी लागे, कोणी गणिताच्या कच्च्या वर्गांतच अडकून राही. नापास होऊन जाणारांपेक्षां नुसतेच येईनासे होणारे अधिक, हें शिक्षकांस ठाऊक असतें. आपल्याकडील मिशनच्या बोर्डिंगांत ज्यांनीं दिवस काढले आहेत त्यांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. पोर शाळेंत टिकतें तें पुष्कळदां दोन वेळच्या जेवणामुळें व दिव्याच्या सोयीमुळें.

इ. स. २००७ त ह्या विद्यापीठानें शहराच्या महापौरांच्या दारिद्र्यनिवारण खात्याच्या साहाय्यानें सहा कम्युनिटी कॉलेजांत एक योजना सुरू केली. तिचें नांव इंग्रजी आद्याक्षरांनीं 'ए. एस. ए. पी.' असें आहे. अट एवढीच कीं, विद्यार्थ्यानें पूर्ण वेळ शिकावें व कच्चे विषय आरंभींच उरकावे. मोबदल्यांत शिष्यवृत्तीनें न भागणारी फी माफ, क्रमिक पुस्तकें फुकट, वर्गांच्या वेळा एकापुढें एक लावलेल्या, शिकवणीची सोय, नोकरीविषयीं सल्ला, आणि भुयारी आगगाडी व बस ह्यांचा महिन्याचा पास. हा पास म्हणजे ह्या योजनेंतील अगदीं साधी व आमच्या दृष्टीनें अत्यंत चतुर युक्ति होय. तो विद्यार्थ्यास घरबसल्या मिळत नसे. सल्लागारास भेटण्याचें कर्तव्य पार पाडलें तरच तो हातीं पडे. भाड्याचे पैसे वांचत, आणि त्याच निमित्तानें कोणीतरी विचारपूस करी : गणिताचा पेपर कसा गेला, घरीं सर्व ठीक आहे ना, मागच्या आठवड्यांत दिसलास कां नाहींस?

आणि विचारपूस करणारास तेवढी फुरसत होती, हें दुसरें मर्म. इतर विद्यार्थ्यांच्या वांट्यास येणाऱ्या सल्लागारावर सहाशेंपासून दीड हजारांपर्यंत विद्यार्थ्यांचा भार असे. येथें तो साठ ते ऐशी एवढाच ठेविला होता. साठ नांवें माणसास पाठ होऊं शकतात.

योजना चांगली वाटते म्हणून चांगली ठरत नाहीं. म्हणून बरो ऑफ मॅनहॅटन, किंग्जबरो व ला ग्वार्डिया ह्या तीन कॉलेजांतील ८९६ गरीब व कच्च्या विषयांच्या विद्यार्थ्यांवर २०१० पासून तिची कसोटी घेण्यांत आली. चिठ्ठ्या टाकाव्या तसे त्यांचे दोन गट केले. एकास योजना लागू, दुसऱ्यास नेहमींची व्यवस्था. तीन वर्षांनीं पाहतां, नेहमींच्या गटांतील शेंकडा २२ विद्यार्थ्यांस पदवी मिळाली होती, तर योजनेंतील शेंकडा ४० विद्यार्थ्यांस. खर्चही वाढला होता. प्रत्येक विद्यार्थ्यामागें तीन वर्षांत सुमारें १६,३०० डॉलर, म्हणजे शेंकडा ६० अधिक. परंतु पदवीधर इतके वाढले कीं, दर पदवीमागचा खर्च शेंकडा ११ हून अधिक उतरला. ओहायो संस्थानांतील तीन कॉलेजांनीं पुढें हीच योजना उचलली, तेव्हां तेथेंही प्रमाण शेंकडा १९ चें ३५ झालें.

तथापि ह्या यशाची एक बाजू सांगितलीच पाहिजे. पूर्ण वेळ शिकण्याची अट ज्यांस पाळतां येत नाहीं, म्हणजे दिवसभर काम करून एखाद दुसरा विषय घेणारा बाप, किंवा तान्हें मूल सांभाळणारी आई, त्यांस हें साहाय्य मिळालेंच नाहीं. आणि कम्युनिटी कॉलेजांत अशांचीच संख्या मोठी असते. शिवाय पास, पुस्तकें, सल्ला ह्यांपैकीं कोणत्या एकानें काम साधलें हें त्या कसोटींतून निराळें काढतां येत नाहीं. आमची समजूत सल्लागाराकडे झुकते. पण ती समजूतच आहे.

आपल्या देशांत ही कल्पना आली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तिच्या आगमनांत ख्रिस्तसभेचा वांटा मोठा आहे. पाँडिचेरी विद्यापीठानें १९९५ त एक कम्युनिटी कॉलेज सुरू केलें. पुढच्याच वर्षीं मद्रास-मैलापूरच्या महाधर्मप्रांतानें मद्रास कम्युनिटी कॉलेज स्थापन केलें. येशूसंघीय फादर झेवियर अल्फोन्स ह्यांच्या पुढाकारानें १९९९ त चेन्नई येथें ह्या चळवळीसाठीं संशोधन व मार्गदर्शनाचें केंद्र निघालें. अमेरिकेंतील कॉलेज विद्यापीठाच्या वाटेवरचें पहिलें घर आहे. येथें मात्र नजर रोजगारावर ठेवण्यांत आली, कारण शाळा अर्धवट सुटलेल्या तरुण-तरुणींस आधीं पोट भरणें भाग होतें. वयाची व मार्कांची अडकाठी नाहीं, फी बेताची, आणि गांवांतील कारखाने, इस्पितळें, कचेऱ्या ह्यांस कोणतीं माणसें हवींत तें विचारून अभ्यासक्रम ठरविलेला.

अडचण राहिली ती मान्यतेची. सरकारदरबारीं ज्या प्रमाणपत्रास किंमत नाहीं, तें घेऊन गरिबानें कोठें जावें? इ. स. २००९ त इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानें अशीं कॉलेजें जोडून घेण्याची योजना काढिली, पण ती फार वर्षें चालली नाहीं. पुढें बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळांत विद्यापीठ अनुदान मंडळानें कम्युनिटी कॉलेजांस पैसा देण्यास आरंभ केला. तो मुख्यत्वें चालू कॉलेजांस व विद्यापीठांस मिळाला, झोपडपट्टीच्या कडेला दोन खोल्यांत वर्ग भरविणाऱ्या संस्थांस नव्हे.

त्या वर्गांचा क्रम मात्र पाहण्यासारखा आहे. आरंभीं हत्यार किंवा यंत्र हातीं देत नाहींत. बोलावें कसें, पैसा जपावा कसा, चार माणसांत उभें कसें राहावें, अशा जीवनोपयोगी गोष्टींपासून सुरुवात होते. मग धंद्याचें कसब, आणि शेवटीं कांहीं आठवडे खऱ्या मालकाच्या हाताखालीं काम.