सिमेंट-मृदा : टिकाऊपणा व पूरक द्रव्ये

मातीची ढेकळे फोडून तीत सिमेंट व बेताचे पाणी मिसळले आणि ते मिश्रण रुळाने दाबून घट्ट केले म्हणजे काही दिवसांत जो कठीण थर तयार होतो, त्यास सिमेंट-मृदा म्हणतात. चांगला दगड जेथे दुरून आणावा लागतो, तेथे रस्त्याचा आधारथर म्हणून ती स्वस्त पडते. मात्र हा थर किती टिकेल, हे केवळ सिमेंटच्या प्रमाणावरून ठरत नाही. माती व सिमेंट यांच्यातील रासायनिक विक्रियांवर ते पुष्कळसे अवलंबून असते. ही गोष्ट ध्यानात येण्यास बराच काळ जावा लागला.

अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातील सारासोटा येथे १९१५ मध्ये शिंपले, वाळू व सिमेंट नांगराने कालवून एक रस्ता करण्यात आला होता. तथापि शास्त्रीय नियंत्रणाखाली झालेले पहिले काम म्हणजे दक्षिण कॅरोलायनातील जॉन्सनव्हिलजवळचा १९३५ मधील सु. अडीच किमी. लांबीचा रस्ता होय. मातीतील आर्द्रता व दाबल्यानंतरची घनता यांचा संबंध आर. आर. प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये दाखवून दिला होता, त्याचा या कामास मोठा आधार मिळाला. पुढे १९४४ मध्ये टिकाऊपणाच्या कसोट्या प्रमाणित झाल्या. त्यांपैकी एकीत नमुना ५ तास पाण्यात ठेवून ४२ तास ७१° से. तापमानास वाळवितात व तारेच्या ब्रशाने घासतात. अशी १२ आवर्तने होतात. मातीच्या प्रकारानुसार ७ ते १४ टक्क्यांपर्यंतची झीज चालते. या कसोटीस उतरण्यासाठी वाळूमिश्रित खडीस वजनाच्या ३ ते ५ टक्के सिमेंट पुरते, पण अतिचिकण मातीस १० ते १६ टक्के लागते. एवढे सिमेंट परवडत नाही. शिवाय थर आकसून तडे पडतात आणि त्यांतून पाणी खाली उतरते. म्हणजे टिकाऊपणासाठी वाढविलेले सिमेंटच तो कमी करू शकते.

काही वाळवट मातींत सिमेंट घट्टच होत नसे. त्यांतील सेंद्रिय द्रव्ये सिमेंटमधील कॅल्शियम अडकवून ठेवतात, असे ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतील १९५०–६० च्या दशकातील संशोधनातून दिसून आले. अशा मातीत थोडेसे कॅल्शियम क्लोराइड घातल्यास ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघते.

याच सुमारास मॅसॅचूसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये टी. डब्ल्यू. लँब, ए. एस. मायकेल्स व झेड. सी. मोह यांनी सोडियम संयुगांचे प्रयोग केले. दाहक सोडा, सोडियम कार्बोनेट, सिलिकेट किंवा सल्फेट यांची सु. १ टक्का मात्रा दिली असता अनेक मातींच्या मिश्रणांचे बल लक्षणीय वाढले. अल्कामुळे मातीतील सिलिका अधिक विरघळते व तिचा कॅल्शियमशी संयोग होऊन कणांना जोडणारे जादा द्रव्य तयार होते. अतिचिकण मातीत मात्र हा लाभ कमी आढळला.

येथे एक विसंगती दिसते. मोह यांनी उपयुक्त ठरविलेले सल्फेट चिकण मातीत घातक असते. काँक्रीटच्या अनुभवावरून सल्फेटरोधी सिमेंट वापरावे, असे कोणासही वाटेल, परंतु पी. टी. शेरवुड यांनी १९६२ मध्ये दाखविले की, दोष मुख्यतः सिमेंटचा नसून चिकण माती, मोकळा चुना व सल्फेट यांच्या पाण्यातील विक्रियेचा असतो. तीत एट्रिंजाइट हे फुगणारे खनिज निर्माण होते. अमेरिकेतील लास व्हेगास येथील स्ट्यूअर्ट अव्हेन्यू हा १९७०–८० च्या दशकात चुन्याने स्थिर केलेला रस्ता सु. दोन वर्षांत असाच फुगून उखडला. या दोषावर झोतभट्टीतील मळीची पूड हा अधिक भरवशाचा उपाय ठरला. चुन्याचा काही भाग काढून त्याजागी मळी घातल्यास फुगवण आटोक्यात येते, असे वेल्समधील ग्लॅमॉर्गन विद्यापीठातील प्रयोगांवरून १९९० नंतर सिद्ध झाले.

दख्खनच्या काळ्या मातीची अडचण आणखी निराळी. तीतील माँटमोरिलोनाइटामुळे ओली ढेकळे फुटतच नाहीत आणि सिमेंट त्यांच्याभोवती नुसते माखले जाते. म्हणून अगोदर २–३ टक्के चुना मिसळून माती भुसभुशीत होऊ देतात व नंतर सिमेंट घालतात. इंडियन रोड्‌स काँग्रेसने सिमेंट-सुधारित मातीविषयीच्या शिफारशी १९७३ मध्ये प्रसिद्ध केल्या. औष्णिक वीज केंद्रांतील राखेचाही वापर होतो. तिच्यामुळे मोकळा चुना कामी येतो, मात्र बल सावकाश वाढते. घाईच्या कामात ही गोष्ट हमखास विसरली जाते.

कोणतेही द्रव्य वापरले, तरी उघड्या थराला हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडचा धोका राहतोच. त्यामुळे चुन्याचे कार्बोनेट होऊन वरचा भाग ठिसूळ होतो, असे एफ्. नेटरबर्ग व पी. पेज-ग्रीन यांनी १९८४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील रस्त्यांवरून दाखविले. म्हणून थर ओला ठेवून त्यावर लवकरात लवकर डांबराचा हात देतात.