चाकांचे संरेखन

चाकांचे संरेखन म्हणजे मोटारगाडीची चाके एकमेकांशी, गाडीच्या मध्यरेषेशी आणि रस्त्याशी ठरावीक कोनांत बसविण्याची क्रिया होय. बोलण्यात तिला 'अलाइनमेंट' हाच शब्द रूढ आहे. चाकाचा तोल साधण्याची क्रिया, म्हणजे बॅलन्सिंग, ही याहून वेगळी आहे. गॅरेजात दोन्ही कामे एकाच वेळी होत असल्याने त्यांची सरमिसळ होते. स्ट्रट, लोअर आर्म, बॉल जॉइंट किंवा टाय रॉडचे टोक बदलल्यानंतर संरेखन तपासणे आवश्यक ठरते.

प्रमुख कोन

टो, कॅम्बर आणि कास्टर हे तीन कोन मुख्य होत. वरून पाहिल्यास चाकांची पुढची बाजू आत वळलेली असेल तर 'टो-इन', बाहेर वळलेली असेल तर 'टो-आउट' म्हणतात. समोरून पाहिल्यास चाकाचा माथा आत किंवा बाहेर झुकतो, तो कॅम्बर. चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागेपुढे असलेला कल म्हणजे कास्टर. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येते ते मुख्यतः त्यामुळे.

टायरच्या झिजेचे सर्वांत मोठे कारण बहुधा टो असते. टायरचा व्यास ५६० मिलिमीटर धरल्यास त्या व्यासावर मोजलेला दोन्ही चाकांचा एकत्रित टो २ मिलिमीटरने चुकला, तरी प्रत्येक चाक किलोमीटरमागे सुमारे १.८ मीटर आडवे घासले जाते. मुरूडहून अलिबागला जाऊन परत येण्याच्या सुमारे १०० किलोमीटरच्या प्रवासात हे घर्षण १८० मीटर होते. अशा टायरच्या नक्षीवरून हात आडवा फिरवल्यास एका दिशेने तो गुळगुळीत, तर उलट दिशेने करवतीसारखा लागतो.

रायगड किनारपट्टीवरील स्थिती

जिल्ह्यात पाऊस वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि रस्त्यांना खड्डे पडतात. मुंबई–गोवा महामार्गाची (पूर्वीचा क्रमांक १७, आताचा ६६) दुरवस्था सर्वपरिचित आहे. रेवदंडा, काशीद, मुरूड, श्रीवर्धन या बाजूचे रस्ते अरुंद व वळणांचे असल्याने सस्पेन्शनची कामे वारंवार निघतात. खाऱ्या हवेने टाय रॉडचे लॉकनट गंजून घट्ट बसतात. पुळणीवर गाडी उतरवण्याची हौस यात भरच घालते. अलाइनमेंटचे यंत्र दूरच्या गावी असेल, तर बिघडलेल्या टोने तेथवर जाण्यापेक्षा घरी तो ढोबळमानाने जुळवून निघणे शहाणपणाचे असते. घरगुती संरेखनाचा खरा उपयोग एवढाच.

दोरीची पद्धत

प्रथम जागा पाहावी लागते. कोकणातील अंगणाला पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, जांभ्याची फरसबंदी खालीवर असते आणि सारवलेल्या जमिनीत चाक रुतते. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन चारही चाकांखालची पातळी तपासावी व फरक पातळ फळ्यांनी भरून काढावा. टायरमधील हवा नेमकी असावी. जॅकवरून उतरवलेली गाडी काही मीटर पुढेमागे ढकलल्याशिवाय सस्पेन्शन मूळ जागी बसत नाही. ही पायरी गाळल्यास पुढची सर्व मापे खोटी ठरतात. लोअर आर्मच्या रबरी बुशांचे बोल्टही गाडीचा भार चाकांवर असतानाच अखेरचे आवळायचे असतात, अन्यथा रबर पिळलेले राहून लवकर फाटते.

स्टिअरिंग मध्यावर बांधून ठेवावे. मग गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्याच्या उंचीवर दोरी ताणावी. किनाऱ्यावर सहज मिळणारा मासेमारीचा तंगूस यासाठी उत्तम, कारण तो बारीक असून झोळ पडत नाही. दोन्ही दोऱ्यांमधील अंतर पुढे व मागे समान हवे. तसेच मागच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून आपापल्या दोरीचे अंतर सारखे हवे; पुढच्या जोडीचेही तसेच. पुढचे आणि मागचे माप मात्र एक नसते, कारण बहुतेक गाड्यांत दोन्ही धुरांवरील चाकांमधले अंतर वेगळे असते. नवशिके येथेच फसतात आणि चारही मापे एक करू पाहतात.

यानंतर पुढच्या प्रत्येक रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचे अंतर मोजावे. पुढच्या कडेचे अंतर जास्त असेल तर टो-इन, कमी असेल तर टो-आउट. दोन्ही चाकांच्या फरकांची बेरीज म्हणजे एकूण टो. १३ इंची रिमवर १ मिलिमीटर म्हणजे सुमारे ०.१७ अंश. गाडीच्या पुस्तिकेतील आकडा रिमवरचा आहे की टायरवरचा, हे पाहूनच तुलना करावी.

दुरुस्तीसाठी लॉकनट सैल करून टाय रॉड फिरवतात. रॉड धुरेच्या मागे असल्यास त्याची लांबी वाढवल्याने टो-इन वाढतो. पुढे असल्यास उलट घडते. दोन्ही बाजू सारख्याच फिरवाव्यात, नाहीतर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरके राहते. उभ्या गाडीचे टायर जमिनीला धरून राहतात, म्हणून चाकाखाली मध्ये ग्रीस लावलेले प्लॅस्टिकचे दोन जाड तुकडे ठेवतात. गंजलेल्या नटावर आदल्या दिवशी तेल सोडावे. तो ज्योतीने तापवल्यास बॉल जॉइंटचे रबर जळते.

मर्यादा आणि सुरक्षितता

कॅम्बर गवंड्याच्या ओळंब्याने मोजता येतो: १३ इंची रिमच्या वरच्या व खालच्या कडेत सुमारे ६ मिलिमीटरचा फरक म्हणजे १ अंश. परंतु मॅकफर्सन स्ट्रटच्या अनेक गाड्यांत तो बदलण्याची सोयच नसते. जेथे असते तेथे स्ट्रट काढण्यापूर्वी बोल्टच्या जागेवर खूण करून ठेवावी. कास्टर घरी भरवशाने मोजणे कठीण असते. गाडी एका बाजूस ओढत असेल, तर संरेखनाआधी टायरमधील हवा, अडकलेला ब्रेक आणि रस्त्याचा उतार तपासावा. केवळ टो चुकल्याने गाडी सहसा ओढत नाही.

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे जिवावर बेतू शकते. भक्कम घोड्या लावूनच खाली जावे. लॉकनट सैल राहिल्यास टाय रॉडचे आटे झिजून जोड निखळण्याचा व स्टिअरिंगवरील ताबा सुटण्याचा धोका असतो. त्यामुळे तो पुस्तिकेत दिलेल्या बलाने आवळावा, त्यावर रंगाची रेघ ओढावी आणि पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर ती रेघ सरकली आहे का, हे पाहावे.