बॉनेट उघडून बघायचे दिवस

१२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं. आंबी नदीचं पाणी खाली खडकवासल्यात उतरलं, तेही धरण फुटलं, आणि मुठेकाठचं पुणं पाण्याखाली गेलं. पुण्यात वाढलेल्या प्रत्येकाने ही गोष्ट घरातल्या कुणा ना कुणाकडून ऐकलेली असते. पेठांमध्ये पाणी कुठपर्यंत चढलं होतं, ते भिंतीवर हात ठेवून दाखवणारी माणसं आपण पाहिलेली असतात.

२५ जुलै २०२४ ला याच नदीने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी आणलं. या वेळी धरण फुटलं नव्हतं, खडकवासल्यातून सोडलेलं पाणी वाढलं होतं. सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उभ्या गाड्या बुडाल्या. पुढचे काही दिवस फ्लॅटबेड ट्रक येत होते आणि गाड्या उचलून नेत होते.

दोन पुरांमध्ये ६३ वर्षांचं अंतर आहे. या लेखाचा प्रश्न साधा आहे: १९६१ च्या मोटारीत पाणी शिरलं तर मालक काय करू शकत होता, आणि २०२४ च्या मोटारीत शिरलं तर काय करू शकतो? मोटार दुरुस्त करण्याचं काम आपल्या अंगणातून कसं निघून गेलं, याचा इतिहास या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

बुडालेलं इंजिन कसं जागं करायचं

१९६१ साली रस्त्यावर दिसणारी मोटार म्हणजे फियाट ११००, अँबेसेडर, किंवा त्याआधी आलेली एखादी मॉरिस, हिलमन, फोर्ड. यांपैकी कुठल्याही गाडीत पाणी शिरलं तर करायच्या गोष्टींची रीत ठरलेली होती.

पहिला नियम: सेल्फ मारायचा नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पिस्टन वर येतो, पाणी हलत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हा नियम आजच्या गाडीलाही तितकाच लागू आहे.

मग चारही स्पार्क प्लग काढायचे आणि इंजिन हाताने फिरवायचं. त्या काळच्या अनेक गाड्यांना पुढून हँडल मारायची सोय असे. हँडल फिरवलं की प्लगच्या भोकांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडत. खालचा नट उघडला की दुधाळ चहासारखं ऑइल बाहेर येई. नवं ऑइल भरायचं, इंजिन थोडं चालवायचं, तेही काढून टाकायचं आणि पुन्हा भरायचं. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तसंच. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसायची, कॉइल आणि डायनामो सुकवायचे, कार्ब्युरेटर खोलून पेट्रोलने धुवायचा, चाकांच्या हबमधलं ग्रीस बदलायचं, ब्रेकचे ड्रम उघडून साफ करायचे.

यादी मोठी आहे, पण हत्यारं बघा. काही पाने, एक पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर, फडकी, ऊन आणि वेळ. गाडीत असा एकही भाग नव्हता, जो उघडल्यावर आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नव्हतं.

पाना घरात का आला

आपल्याकडे घरी गाडी दुरुस्त करणं बहुतेकांसाठी छंद नव्हता. ती टंचाईतून आलेली सवय होती.

जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत मोटारी जोडायला सुरुवात केली होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लर गटाच्या गाड्या, मग फियाट बाहेर पडू लागल्या. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवलं: नुसते आयात सुटे भाग जोडणाऱ्यांनी इथे उत्पादन करावं, नाहीतर जावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. मोटारींचा बाजार मोजक्या कंपन्यांच्या हातात राहिला. उत्पादन किती करायचं ते परवान्यावर ठरायचं. १९५९ च्या आदेशाने मोटारींचं वितरण आणि विक्री नियंत्रणाखाली आली. किमतींवरही सरकारचा हात होता. मोटारीची रास्त किंमत कशी ठरवायची, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्या निकालात प्रीमियरचंच नाव आहे.

सत्तरच्या दशकात अख्ख्या देशात वर्षाला पन्नास हजार मोटारीही बनत नव्हत्या. नंबर लावायचा आणि काही वर्षं वाट बघायची. अशा वेळी हातातली गाडी टिकवणं हाच शहाणपणा होता. ती वीस वर्षं चालवायची, तर तिच्या खोकल्यापासून तापापर्यंत सगळं ओळखता यायला हवं.

या टंचाईचा एक न ठरवलेला फायदा झाला: गाडी बदललीच नाही. पन्नासच्या दशकातल्या गोलमटोल फियाटला लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. तिच्यानंतर १९६४ पासून इथे फियाट ११०० डी बनू लागली. तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली, १९७४ मध्ये पद्मिनी झाली, आणि थोड्याफार फरकाने २००० सालाच्या आसपासपर्यंत बनत राहिली. तेच १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, तोच स्टिअरिंगजवळचा गिअर. वडिलांनी एका पद्मिनीवर शिकलेलं मुलाला दुसऱ्या पद्मिनीवर जसंच्या तसं उपयोगी पडत होतं. आज फोनचं एक अपडेट आलं की सेटिंग कुठे गेलं ते शोधावं लागतं. तेव्हाच्या गाडीवर मिळवलेलं ज्ञान तीस वर्षं शिळं झालं नाही.

रविवारचं काम ठरलेलं असे. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर, फॅन बेल्टचा ताण, रेडिएटरचं पाणी. डिस्ट्रिब्युटरमधले सीबी पॉइंट जळून काळे पडत. ते पॉलिश पेपरने घासायचे आणि मधली साधारण अर्ध्या मिलिमीटरची फट फिलर गेजने जुळवायची. फिलर गेज नसेल तर जुनं ब्लेड किंवा पोस्टकार्ड घालून अंदाज घेणारेही होते. गाडी 'मिसिंग' मारते म्हणजे नेमकं काय होतं, हे शेजाऱ्यांनाही आवाजावरून कळायचं.

मिस्त्री, बारक्या आणि नाना पेठ

तरीही हे चित्र फार गोड करून घेऊ नये. मोटार असणं हीच तेव्हा फार थोड्यांची चैन होती, आणि त्यांतल्या अनेकांनी पाना हातात धरला नाही. खरं ज्ञान मिस्त्रीकडे होतं. गॅरेजमध्ये दहा-बारा वर्षांचा 'बारक्या' म्हणून यायचा, आधी पाने पुसायचा, मग चाकं काढायचा, शिव्या खात खात काही वर्षांनी इंजिन बांधायला शिकायचा. त्याच्या शिक्षणाला ना पुस्तक होतं ना प्रमाणपत्र, आणि ते वय शाळेत जायचं होतं. आपण ज्याला जुगाड म्हणून कौतुकाने मिरवतो, त्यात या मुलांचं बालपण खर्ची पडलेलं आहे.

सुटे भागही असेच हातोहात फिरायचे. पुण्यात नाना पेठेतली दुकानं, बुधवारचा-रविवारचा जुना बाजार, मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड. भाग मिळाला नाही तर लेथवाल्याकडून घडवून घ्यायचा. आणि काढलेलं काळं ऑइल? ते सर्रास गटारात जायचं. गटार नाल्यात आणि नाला नदीत. घरच्या दुरुस्तीचा हा हिशेब कुणी मांडत नव्हतं.

पानशेतचा रस्ता

पुण्याहून पानशेत साधारण ४० किलोमीटर. खडकवासला, डोणजे फाटा, खानापूर करत रस्ता वेल्ह्याच्या भागात शिरतो. आज तासा-दीड तासाची सहल आहे. जुन्या मोटारीसाठी अशा चढ-उताराच्या रस्त्यावर उन्हाळ्यात वेगळं प्रकरण असे. मागे पाण्याचा कॅन ठेवूनच निघायचं. चढावर इंजिन तापलं की पेट्रोलची पाइपमध्येच वाफ व्हायची आणि पंपाला ती ओढता यायची नाही. गाडी थांबायची. मग फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकून झाडाखाली बसायचं. खानापुराहून पाबे घाटाने वेल्ह्याकडे जायचं असेल तर ओलं फडकं आधीच तयार.

या डोंगरात रोजच्या जगण्याला लागणारी गाडी मात्र फियाट कधीच नव्हती. ती होती जीप. महिंद्राने १९४७ पासून विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे इथेच बनवल्या. जिथे एसटीच्या फेऱ्या मोजक्या, तिथे जीप 'वडाप' झाली: माणसं भरली की निघायचं. वडापवाल्याला गाडी बंद ठेवणं परवडत नाही. त्याचं घरच गॅरेज असतं. पाट्याचं पान तुटलं, क्लच प्लेट गेली, तर रात्रीत काम उरकून सकाळच्या फेरीला हजर. शहरातल्या माणसाचा रविवार आणि वडापवाल्याची रात्र यांतला फरक हा पोटाचा फरक आहे.

बॉनेटखालचा कॉम्प्युटर

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि नंबर लावून वर्षानुवर्षं थांबण्याचं युग संपायला सुरुवात झाली. खरा बदल २००० च्या आसपास झाला. त्या वर्षी शिसंविरहित पेट्रोल देशभर लागू झालं आणि धुराचे पहिले युरोपीय धर्तीचे नियम आले. कार्ब्युरेटर गेला, त्याच्या जागी पेट्रोल मोजून फवारणारी इंजेक्शन यंत्रणा आली, आणि ती चालवायला इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू.

याने हवा सुधारली, मायलेज वाढलं, पॉइंट घासणं संपलं. गाड्या मुळात कमी बिघडू लागल्या. मोटार सुरक्षितही झाली. पद्मिनीत एअरबॅग नव्हती आणि अपघातात तिचं स्टिअरिंग छातीत घुसायचा धोका होता. कुणी म्हणत असेल की जुनंच बरं, तर त्याने आधी हा हिशेब करावा.

पण बुडालेल्या गाडीकडे परत या. २०२४ च्या गाडीत पाणी सीटपर्यंत आलं की ईसीयू, सीटखालची वायरिंग, एअरबॅगचं मॉड्यूल, डझनभर सेन्सर सगळं भिजतं. कनेक्टरमध्ये गंज धरायला महिने लागतात, म्हणून आज चालू झालेली गाडी दिवाळीत बंद पडू शकते. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या जाहीर किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरली जाते. पाण्यातून चालवून इंजिन गेलं असेल, तर साध्या पॉलिसीत ते सहसा धरत नाहीत, त्यासाठी वेगळं संरक्षण आधीच घ्यावं लागतं. जिथे १९६१ ला ऑइल बदललं जात होतं, तिथे आता क्लेम फॉर्म भरला जातो.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे ईसीयूची मला भीती वाटत नाही. त्यात जे चालतं ते शेवटी कोडच आहे. स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये स्वस्तातलं ब्लूटूथ उपकरण लावलं की फोनवर बिघाडाचा कोड वाचता येतो. पण वाचणं आणि बदलणं यात भिंत आहे. नवं मॉड्यूल बसवलं तरी गाडीने ते 'ओळखावं' यासाठी अनेकदा कंपनीचंच उपकरण आणि कंपनीचाच पासवर्ड लागतो. पूर्वी भाग मिळत नव्हता म्हणून अडायचं. आता भाग हातात असूनही परवानगी नाही म्हणून अडतं.

परवानगी कुणाकडे

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारींचं क्षेत्रही आहे. मॅन्युअल आणि सुट्या भागांची माहिती ग्राहकाला एका जागी मिळावी हा त्याचा हेतू. दुसरीकडे, १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षं जुन्या मोटारीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा होती. शेवटची ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पन्नास वर्षांपुढच्या गाडीला २०२१ च्या नियमांनी 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळतो, पण ती रोज वापरायची नसते. थोडक्यात, असा क्रमांक घेतलेली १९६१ ची फियाट आज प्रदर्शनात नेता येते, भाजी आणायला नाही.

जुनी गाडी ठेवायची की मोडीत काढायची, हा धुराचा आणि सुरक्षेचा प्रश्न आहे आणि त्यात सरकारने नियम करणं रास्तच आहे. पण आज शोरूममधून निघणारी गाडीही पंधरा वर्षांनी जुनी होणार आहे. तिच्या कोडची किल्ली तेव्हा कुणाकडे असेल, हे आत्ता ठरतंय. पानशेतच्या बाजूला पुढची वीस वर्षं वडाप चालवणाऱ्या माणसासाठी हा प्रश्न माझ्यापेक्षा जास्त मोलाचा आहे. मला कॅब मिळेल. त्याला सकाळची फेरी मारायची आहे.

तोवर दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. आपल्या गाडीचं मॅन्युअल एकदा शेवटपर्यंत वाचा. आणि पार्किंगमध्ये पाणी शिरलं असेल, तर बटण दाबून बघू नका.