घरमालक नावाची कंपनी

माझी मुलगी अटलांटाजवळ अंगणाच्या स्वतंत्र घरात भाड्याने राहते. तिचा घरमालक कोण, तर एक कंपनी! भाडं, नळदुरुस्ती, तक्रार, सगळं मोबाइलवर. हे कसं घडलं, त्याचा इतिहास फार जुना नाही.

२००८ च्या मंदीत अमेरिकेत लाखो कुटुंबांचे हप्ते थकले, बँकांनी घरं जप्त केली. भाव कोसळले, पण सामान्य माणसाला कर्ज मिळेना. रोख पैसा होता तो बड्या गुंतवणूकदारांकडे. २०१२ साली ब्लॅकस्टोनने ‘इन्व्हिटेशन होम्स’ काढली आणि फिनिक्स, अटलांटा, टॅम्पा अशा शहरांत घरांची घाऊक खरेदी सुरू झाली. २०१३ मध्ये या घरांच्या भाड्यावर रोखे निघाले. २०१७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. त्याच वर्षीच्या विलीनीकरणानंतर तिच्याकडे सुमारे ८२ हजार घरं होती.

पडीक घरं दुरुस्त झाली, हेही खरं. देशभरातल्या भाड्याच्या स्वतंत्र घरांत बड्या कंपन्यांचा वाटा शंभरात तीनच्या आसपास. अटलांटात मात्र तो २०२२ पर्यंत चौथ्या हिश्शावर गेला. अशा ठिकाणी पहिलं घर घेऊ पाहणाऱ्या तरुण जोडप्याची गाठ रोख रक्कम मोजणाऱ्या कंपनीशी पडते.

तिथे भाडं किती वाढवायचं हे ठरतं, तेव्हा भाडेकरूला मत नसतं. आपल्याकडे फ्लॅट केवढाही असो, सभासदाला एक मत. वार्षिक सभेत आपण भांडतो, पण समोर माणूस असतो. तेव्हा मंडळी, पुढच्या सभेला तरी कोरमसाठी अर्धा तास थांबायला लावू नका!