उंबरखिंडीतले जाधव

खोपोलीहून पालीकडे जाताना खालापूर तालुक्यात चावणी गाव लागतं. तिथे अंबा नदीच्या पात्रात उंबरखिंडीच्या लढाईचं स्मारक आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगल सरदार शाहिस्तेखानाने पुण्याहून पाठवलेला कारतलबखान कुरवंडे घाट उतरून या रानात शिरला. दोन्ही अंगांना उंच डोंगर, मधून एकेरी वाट. फौज आत आल्यावर मराठ्यांनी पुढचं आणि मागचं तोंड बंद केलं. पाण्यावाचून कासावीस झालेल्या खानाने आपल्याच फौजेतल्या रायबागन यांच्या सल्ल्याने शरणागती पत्करली आणि खंडणी भरून सुटका करून घेतली.

ही विजयकथा आपल्याला पाठ आहे. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'त खानाबरोबरच्या सरदारांचीही नावं येतात. गाढे, कोकाटे, जाधव. रायबागन म्हणजे माहूरच्या देशमुख घराण्यातल्या सावित्रीबाई. आणि जाधव हे तर जिजाबाईंच्या माहेरचं आडनाव. ज्यांना खिंडीत कोंडलं, त्यांतले कितीतरी मराठी बोलणारेच होते.

याचं मूळ वतनात आहे. देशमुख परगण्याचा वसूल गोळा करी, त्यातला आपला हक्क घेई आणि गरजेला स्वार उभे करी. तख्त बदललं की सनद नव्याने करून घ्यावी लागे. म्हणून एक भाऊ एका दरबारात, दुसरा दुसऱ्या दरबारात, हे अनेक घराण्यांत चाले. यात कुणाला फितुरी वाटत नसे, कारण ज्याच्याशी फितूर व्हावं असं आपलं राज्यच डोळ्यांपुढे नव्हतं. खुद्द शहाजीराजे निजामशाही आणि मोगल करून १६६१ मध्ये आदिलशाहीच्या चाकरीत होते.

सिंदखेडच्या जाधवांचा प्रवास असाच. लखुजी जाधवराव निजामशाहीचे मातब्बर सरदार. १६२१ मध्ये ते मोगलांकडे गेले, पुढे परतले. १६२९ मध्ये निजामशहाने त्यांना दौलताबादच्या किल्ल्यात बोलावून ठार केलं. अचलोजी आणि राघोजी हे मुलगे आणि नातू यशवंतराव हेही त्यांच्याबरोबर मारले गेले. उरलेल्यांनी मोगलांची मनसब घेतली.

अचलोजींच्या पोरक्या मुलाला, संताजीला, जिजाबाईंनी वाढवलं, असं घराण्याची परंपरा सांगते. इथे या वंशाची एक फांदी वेगळ्या मातीत रुजली. याच फांदीतले धनाजी जाधव. राजाराम महाराजांच्या काळात ते सेनापती झाले आणि औरंगजेबाच्या छावण्यांची झोप त्यांनी उडवली. रक्त सिंदखेडचंच, पण लढायचं कशासाठी हे आता ठरलेलं होतं.

तेही कायमचं ठरलं नाही. धनाजींचे पुत्र चंद्रसेन सेनापती असताना १७११ मध्ये बाळाजी विश्वनाथांशी बिनसल्याने शाहू महाराजांना सोडून ताराबाईंकडे गेले, तिथून निजामाकडे. निजामाने त्यांना भालकीची जहागीर दिली. वाघोलीचे पिलाजी जाधवराव मात्र बाजीराव पेशव्यांच्या उत्तरेच्या मोहिमांत खांद्याला खांदा लावून लढले.

युरोपातही असं दोन बाजूंना वाटलं गेलेलं एक घर होतं. शेप्टिट्स्की हे रुथेनियन मुळाचं, पुढे पोलिश झालेलं सरदार घराणं. १८६५ मध्ये जन्मलेला रोमान पूर्वजांच्या ग्रीक कॅथलिक पंथात परतला, आंद्रेय नाव घेऊन ल्विव्हचा महाधर्मगुरू झाला आणि युक्रेनियनांचा आधारवड ठरला. त्याचा धाकटा भाऊ स्तानिस्वाव पोलंडचा सेनानी आणि १९२३ मध्ये युद्धमंत्री. १९१८ मध्ये त्याच ल्विव्हसाठी पोलिश आणि युक्रेनियन एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. एका आईच्या दोन लेकरांनी दोन राष्ट्रं आपली मानली.

वंशावळ जन्म सांगते, निष्ठा सांगत नाही. आज कुणाच्या आडनावावरून त्याच्या पूर्वजांना शूर किंवा फितूर ठरवण्याची घाई होते, तेव्हा उंबरखिंडीतली ही नावं वाचावीत. स्वराज्य ही जाधवांना किंवा भोसल्यांना वारशाने मिळालेली वस्तू नव्हती. वतनाची हमी बाजूला ठेवून माणसांनी ते एकेक करून निवडलं, म्हणूनच त्या निवडीचं मोल मोठं आहे. खिंडीच्या वरच्या अंगाला उभ्या असलेल्यांचा मान यामुळे तसूभरही कमी होत नाही. समोर आपलेच सोयरे होते, हे जाणून ते तिथे उभे राहिले होते.