परळीचे तहानलेले संच आणि तापलेला लॅपटॉप

१. फेब्रुवारी २०१३. बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक विद्युत केंद्र पूर्णपणे बंद पडले. कारण कोळशाची टंचाई नव्हते. संपले होते ते पाणी. गेमिंग लॅपटॉप खेळ ऐन रंगात असताना का मंदावतो, याचे उत्तर शोधण्यास परळीइतके योग्य ठिकाण नाही.

२. परळीतील वीजनिर्मितीचा आरंभ १९७१ साली ३० मेगावॅटच्या लहान संचाने झाला. पुढे २१० आणि २५० मेगावॅटचे संच उभे राहिले. कोळसा जाळावा, वाफ करावी, वाफेने टर्बाइन फिरवावे, एवढीच ही प्रक्रिया वाटते. परंतु कोळशातील उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश विजेत उतरते. उरलेली बाहेर टाकली नाही, तर यंत्र चालूच शकत नाही.

३. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ कंडेन्सरमध्ये, आतून थंड पाणी वाहणाऱ्या नळ्यांवर, पुन्हा पाणी होते. नळ्यांतले तापलेले पाणी मनोऱ्यांत निवते आणि निवताना त्याचा काही भाग हवेत उडून जातो. ही तूट रोज भरावी लागते. दुष्काळाने गोदावरी खोऱ्यातील साठे आटले, तशी ती भरणे अशक्य झाले. जुलै २०१५ मध्येही हीच वेळ आली.

४. संगणकाचा इतिहासही याच नियमाने बांधलेला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा भारतीय बनावटीचा संगणक कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. नळीतील तंतू तापल्याशिवाय ती कामच करत नसे. ट्रान्झिस्टरला अशा तापलेल्या तंतूची गरज नव्हती, म्हणून उष्णतेचा प्रश्न सुटल्यासारखे वाटले.

५. १९७४ साली रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवले, तर तेवढ्याच जागेत निर्माण होणारी उष्णता वाढत नाही. सुमारे तीन दशके हे गणित जुळले. मग ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले, की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली आणि व्होल्टेज आणखी उतरवता येईना. २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत सोडला. वेगाची स्पर्धा उष्णतेपाशी अडली.

६. लॅपटॉपमधली तांब्याची चपटी नळी, म्हणजे हीट पाइप, अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली केलेल्या कामातून पुढे आली. बंद नळीत थोडा द्रव असतो. प्रोसेसरजवळ त्याची वाफ होते. दुसऱ्या टोकाला, धातूच्या पातळ पट्ट्यांपाशी, तिचे पुन्हा पाणी होते. परळीच्या कंडेन्सरमध्ये घडते तेच येथे बोटभर जागेत घडते. मनोऱ्याचे काम पंखा करतो.

७. म्हणून बिघाडही तेथेच होतात. पट्ट्यांत धूळ आणि कापसाचे तंतू अडकतात. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळते. पंख्याचे बेअरिंग झिजून घरघर सुरू होते. गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपची हवा खालूनच कोंडते. तापमान शंभर अंशांच्या आसपास पोहोचले, की प्रोसेसर जीव वाचवण्यासाठी स्वतःच वेग कमी करतो. शिवाय पंखा लॅपटॉपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही आणि मराठवाड्याच्या मे महिन्यात तीच हवा चाळिशी ओलांडते.

८. २०१५ च्या केंद्रीय नियमांनी जुन्या औष्णिक केंद्रांसाठी पाण्याची मर्यादा एका मेगावॅट-तासाला ३.५ घनमीटर ठरवली. म्हणजे एका युनिटमागे साडेतीन लिटर. २०० वॅट खेचणारा लॅपटॉप पाच तासांत एक युनिट वापरतो. त्याच्या पंख्यातून बाहेर पडणारी ऊब दिसते. ती वीज घडवताना मनोऱ्यातून उडालेले पाणी दिसत नाही. टँकरची वाट पाहिलेल्या जिल्ह्याला मात्र त्या साडेतीन लिटरांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.