रटलंड : नकाशावरून पुसली गेलेली काउंटी २३ वर्षांनी परत कशी आली?

काउंटी म्हटलं की आपल्याला आधी क्रिकेट आठवतं. पण इंग्लंडमध्ये काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्ह्यासारखा भाग. यातल्या अनेक काउंट्या शेकडो वर्षं जुन्या आहेत. त्यातली सगळ्यात लहान ऐतिहासिक काउंटी म्हणजे रटलंड. क्षेत्रफळ सुमारे ३८२ चौरस किलोमीटर, २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साधारण ४१ हजार. शहरं म्हणावीत अशी दोनच, ओकम आणि अपिंगहॅम. या काउंटीचं ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे, त्याचा अर्थ ‘थोडक्यात पुष्कळ’.

आधी काय होतं?

बाराव्या शतकापासून रटलंडचा उल्लेख स्वतंत्र काउंटी म्हणून सापडतो. १८८९ मध्ये इंग्लंडभर निवडून दिलेल्या काउंटी कौन्सिल सुरू झाल्या, तेव्हा रटलंडलाही स्वतःची कौन्सिल मिळाली. शाळा, रस्ते अशी कामं ती पाहू लागली.

पण आकार लहान म्हणजे कर भरणारे कमी आणि खर्चाचा भार जास्त. त्यामुळे शेजारच्या लेस्टरशायरमध्ये रटलंड विलीन करावं, अशी शिफारस पुढे आली. लोकांनी जोरदार विरोध केला आणि १९६३ मध्ये सरकारने माघार घेतली. ही सुटका मात्र दहा-अकरा वर्षंच टिकली.

१९७४ मध्ये काय झालं?

१९७२ च्या स्थानिक शासन कायद्याने इंग्लंडचा प्रशासकीय नकाशाच बदलला. १ एप्रिल १९७४ पासून रटलंडची काउंटी कौन्सिल बंद झाली आणि रटलंड लेस्टरशायरमधलं एक डिस्ट्रिक्ट, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यासारखा विभाग बनलं. कचरा उचलणं, बांधकाम परवानग्या अशी कामं स्थानिक कौन्सिलकडे राहिली. शाळा, रस्ते, वृद्धांची देखभाल यांचे निर्णय लेस्टरशायरच्या काउंटी कौन्सिलकडे गेले.

नाव मात्र टिकलं. नव्या विभागाचं नावही रटलंडच ठेवलं गेलं. ओकमच्या किल्ल्यातली प्रथाही सुरू राहिली. पहिल्यांदा शहरात येणाऱ्या राजघराण्यातल्या व्यक्तीने किंवा उमरावाने तिथे घोड्याचा नाल भेट द्यायचा असतो. असे दोनशेहून जास्त नाल त्या दालनाच्या भिंतींवर लटकत आहेत.

मग परत कशी आली?

१९९० च्या दशकात सरकारने पुन्हा स्थानिक रचनेचा आढावा घेतला. काही ठिकाणी दोन पातळ्यांऐवजी एकच कौन्सिल असावी, असं ठरलं. अशा एकस्तरीय कौन्सिलला ‘युनिटरी अथॉरिटी’ म्हणतात. १ एप्रिल १९९७ रोजी रटलंड लेस्टरशायरमधून बाहेर पडलं आणि सगळी कामं एकाच कौन्सिलकडे आली.

गंमत अशी, की कायद्याच्या भाषेत ही कौन्सिल डिस्ट्रिक्टचीच राहिली, फक्त तिला काउंटीचे अधिकार मिळाले. त्यामुळे तिचं पूर्ण अधिकृत नाव ‘रटलंड काउंटी कौन्सिल डिस्ट्रिक्ट कौन्सिल’ असं झालं! राजाचा प्रतिनिधी असलेला लॉर्ड लेफ्टनंटही रटलंडला पुन्हा वेगळा मिळाला. पोलीस आणि अग्निशमन दल मात्र आजही लेस्टरशायरसोबत सामाईक आहेत.

आता पुन्हा तोच प्रश्न का?

डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने श्वेतपत्रिका काढली. दोन पातळ्यांची रचना संपवायची आणि नव्या कौन्सिलची लोकसंख्या साधारण पाच लाख किंवा त्याहून जास्त असावी, असा तिचा रोख आहे. रटलंड त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकंही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये लेस्टर, लेस्टरशायर आणि रटलंड इथल्या कौन्सिलांकडून फेररचनेचे प्रस्ताव मागवण्यात आले.

दोन्ही बाजूंचे मुद्दे साठ वर्षांपूर्वीचेच आहेत. मोठ्या कौन्सिलला खर्च परवडतो, तज्ज्ञ माणसं मिळतात. लहान कौन्सिलमध्ये नगरसेवक ओळखीचा असतो आणि गावातल्या शाळेचा निर्णय गावाजवळच होतो.

कौन्सिल गेली की काउंटी संपते का?

नाही. इंग्लंडमध्ये ऐतिहासिक काउंटी, समारंभापुरती काउंटी आणि प्रशासकीय काउंटी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मिडलसेक्सची काउंटी कौन्सिल १९६५ मध्ये बंद झाली, तरी त्या नावाचा क्रिकेट संघ आजही लॉर्ड्सवर खेळतो. रटलंडचं नावही असंच राहू शकतं. पण १९७४ ते १९९७ या काळात नाव होतं, अधिकार नव्हते. तिथल्या लोकांपुढचा खरा प्रश्न आहे तो शाळा, रस्ते आणि करांचे निर्णय कोण घेणार हा.